पाकीट, देवचार आणि चाळीस दिवस

२००९ सालच्या फेब्रुवारी महिन्यातली गोष्ट. इंत्रूज आदल्या दिवशीच संपला होता. पणजीत रस्त्याच्या कडेला रंगीत कागदांचे तुकडे अजून पडलेले होते. बुधवार होता. आमचे हेडक्लार्क नेहमीप्रमाणे दहाच्या ठोक्याला कचेरीत आले. कपाळावर राखेची फुली होती. सकाळची मीस करून ते इगर्जीतून थेट कामावर आले होते. आम्ही हिंदू मंडळी भस्म लावतो ते शंकराच्या देवळात, त्यामुळे राख काही मला नवीन नव्हती. पण त्या दिवशी ती फुली बघून मी नजर खाली घातली. कारण माझ्या टेबलाच्या खणात दोन दिवसांपासून एक पाकीट कुलूपबंद होते.

मी तेव्हा नोकरीत तीन वर्षे जुना कनिष्ठ कारकून. एका अर्जदाराची फाईल माझ्या टेबलावर काही दिवस पडून होती. पैशांसाठी मी ती अडवलेली नव्हती, माझा आळस एवढेच कारण. त्या गृहस्थाला मात्र वेगळे वाटले असावे. सोमवारी फाईल उघडली तर कव्हरच्या आत पाकीट. आत पाच हजार रुपये. घरी आईच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरलेले होते. मी पाकीट घेतले नाही, परतही केले नाही. खणात ठेवले, कुलूप लावले आणि स्वतःला सांगितले, 'मी घेतलेले नाही, फक्त ठेवले आहे.' दोन रात्री मला या एका वाक्यावर झोप आली नाही.

दुपारी डबा खाताना मी हेडक्लार्कना सगळे सांगून टाकले. आम्ही सगळेच त्यांना 'बाब' म्हणायचो. बाबांना धक्का वगैरे काही बसला नाही. त्यांनी शांतपणे घास संपवला आणि म्हणाले, "ताळणी आयली म्हूण पातक जायना रे. 'हय' म्हणलें काय जाता." मोह आला म्हणून पाप होत नाही, 'हो' म्हटले की होते. मग थोडे थांबून आणखी एक वाक्य बोलले, "लिपयलें काय वाडटा. म्हाका सांगलें न्हय? आतां अर्दें उणें जालें." लपवले की वाढते. मला सांगितलेस ना? आता अर्धे कमी झाले.

दुसऱ्या दिवशी अर्जदाराला बोलावून बाबांच्या समोर मी पाकीट परत केले. फाईलही त्याच दिवशी वर गेली. बाबांची ती दोन वाक्ये मात्र माझ्या मनात राहिली. मला वाटले होते, ही त्यांच्या साष्टीच्या घरातली, आजीच्या तोंडची शहाणीव. पुढे वाचत गेलो तेव्हा कळले, की त्या दोन वाक्यांच्या मागे सोळा-सतरा शतकांचा इतिहास आहे, आणि त्याचा एक मोठा तुकडा आपल्या गोव्यात, आपल्या मराठीत घडलेला आहे. तो आज वाचकांपुढे ठेवतो.

ख्रिस्ती लोकांचा कोरेज्म, म्हणजे उपवासाचा काळ, राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि पास्काच्या फेस्तापर्यंत चालतो. मधले रविवार सोडले तर बरोबर चाळीस दिवस. हे चाळीस दिवस येशूच्या रानातल्या चाळीस दिवसांचे. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत ती कथा आहे. येशू चाळीस दिवस रानात उपाशी राहतो. मग सैतान येऊन त्याला तीन गोष्टी सुचवतो. दगडांच्या भाकरी कर; देवळाच्या टोकावरून उडी टाक, देवदूत झेलतील; मला नमस्कार कर, जगातली सगळी राज्ये तुझी. दोघांच्या सांगण्यात शेवटच्या दोन मोहांचा क्रम वेगळा आहे, पण कथा तीच.

ही कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा मी चकित झालो. मोह म्हटला की आपल्याला मेनका आठवते. इथे तसले काही नाही. भुकेल्या माणसाला भाकर सुचवली आहे, देवाच्या माणसाला देवावरचा भरवसा सुचवला आहे, जगाचे भले करायला निघालेल्याला सत्ता सुचवली आहे. तिन्ही गोष्टी वरवर चांगल्याच. शिवाय सैतान धर्मग्रंथातले वचन तोंडपाठ म्हणून दाखवतो! आईचे ऑपरेशन हे माझ्या पाकिटाचे वचन होते. वाईट गोष्ट वाईट म्हणून कधी दार ठोठावत नाही, हे मला तिथे कळले.

पुढे चौथ्या शतकात ईजिप्तच्या वाळवंटात शेकडो संन्यासी जाऊन राहिले. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे संत अंतोनी. हे लोक मनात येणाऱ्या विचारांचे जणू पंचनामे करत. त्यांच्यातला एवाग्रियस नावाचा विद्वान संन्यासी ३९९ साली वारला. त्याने माणसाला पाडणाऱ्या विचारांची यादी केली आहे. ते आठ: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, आळसावलेली उदासी, पोकळ प्रतिष्ठेची हौस आणि गर्व. सहाव्या शतकाच्या शेवटी पोप ग्रेगरी यांनी ही यादी नव्याने मांडली. गर्वाला त्यांनी सगळ्यांचे मूळ मानून बाजूला काढले, मत्सर आत घेतला, आणि सात मुख्य दोषांची यादी तयार झाली. आपले षड्रिपू सहा, त्यांचे सात. कपाटे वेगळी, आतला माल बराचसा एकच.

त्या यादीतल्या उदासीचे एवाग्रियसने केलेले वर्णन वाचून मी कचेरीत एकटाच हसलो होतो. तो सांगतो, हा विकार सकाळी दहाच्या सुमाराला येतो आणि दुपारी दोनपर्यंत माणसाला घेरून बसतो. संन्याशाला वाटते की सूर्य हलतच नाही, दिवस जणू पन्नास तासांचा झाला आहे. तो सारखा खिडकीतून बाहेर बघतो, जेवणाची वेळ किती लांब आहे ते पाहतो, कुणी भेटायला येते का याची वाट बघतो. मग त्याला आपल्या जागेचा आणि कामाचा तिटकारा यायला लागतो. वाचकहो, सोळाशे वर्षांपूर्वीच्या ईजिप्तमधल्या त्या माणसाने सरकारी कचेरी पाहिली नव्हती, तरी आमचे टेबल त्याने हुबेहूब रंगवले आहे. माझ्या टेबलावर ती फाईल का पडून राहिली होती, याचे उत्तर त्यात आहे. पाकिटाला वाट करून दिली ती त्या दहा ते दोनच्या उदासीने. लोभ नंतर आला.

आता बाबांच्या पहिल्या वाक्याकडे येतो. संत ऑगस्टीन आणि त्यांच्यानंतर पोप ग्रेगरी या दोघांनी पापाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. आधी सूचना, मग त्या सूचनेत वाटणारी गोडी, आणि शेवटी संमती. ग्रेगरी यांनी हे आदम-एवाच्या कथेवरून समजावले आहे. सूचना सर्पाने केली, गोडी एवेला वाटली, संमती आदमाने दिली. प्रत्येक माणसात हे तिघेही आहेत. सूचना येणे आपल्या हातात नाही. गोडी वाटणे हे बऱ्याच अंशी स्वभावाचे, तिथे सावध व्हायचे. संमती मात्र पूर्णपणे आपली, आणि संमतीशिवाय पाप पुरे होत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही विषयांच्या चिंतनापासून सर्वनाशापर्यंतचा जिना सांगितलेला आहे, तो इथे आठवतो. फरक असा की गीतेच्या त्या श्लोकांत घसरण कशी होते ते दिसते, तर ग्रेगरी यांच्या जिन्यावर प्रत्येक पायरीला एक दार आहे आणि ते लावून घेता येते. साष्टीतला एक हेडक्लार्क दुपारच्या डब्यावर जे बोलला ते नेमके हेच.

दुसरे वाक्य आले कुठून? ते शोधताना मी इग्नेशियस लोयोला यांच्यापर्यंत पोचलो. हा स्पेनमधला बास्क सरदार. १५२१ साली पाम्प्लोना येथे तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या तो संतचरित्रे वाचू लागला आणि त्याचे आयुष्य पालटले. पुढच्या वर्षी मानरेसा गावात राहून त्याने स्वतःच्या मनाचा अभ्यास केला आणि टिपणे काढली. त्यांचेच पुढे 'आध्यात्मिक साधना' हे छोटेसे पुस्तक झाले. पोपनी त्याला १५४८ साली मान्यता दिली. जेजुइट संघ उभा आहे तो या पुस्तकावर.

या पुस्तकात एक गोष्ट अशी आहे की कारकुनाने ती वाचून खूश व्हावे. माणसाने आपला एकच दोष निवडायचा. आठवड्यातल्या प्रत्येक दिवसासाठी कागदावर दोन रेघा ओढायच्या, एक दुपारपर्यंतची आणि एक रात्रीपर्यंतची. दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर मागे वळून बघायचे, आणि जितक्या वेळा तो दोष घडला तितके ठिपके त्या रेघेवर द्यायचे. मग दुपार आणि रात्र ताडून बघायची, काल आणि आज ताडून बघायचा, हा आठवडा आणि मागचा आठवडा ताडून बघायचा. म्हणजे मनाची रोजकीर्दच. कोकणीत मोहाला 'ताळणी' म्हणतात, तो शब्द कानावर पडला की मला हिशेबातला ताळा आठवतो तो यामुळेच.

याच पुस्तकात मोहाला ओळखायचे काही नियम आहेत. एका नियमात सैतानाला सेनापतीची उपमा दिली आहे. तो किल्ल्याभोवती फिरून बघतो आणि जिथे तट कच्चा असेल तिथेच हल्ला करतो. दुसऱ्या एका नियमात तो चोरट्या प्रियकरासारखा आहे. भल्या घरातल्या मुलीला किंवा बायकोला तो गोड बोलतो, पण त्याची एकच अट असते, हे बापाला किंवा नवऱ्याला सांगायचे नाही. गोष्ट उघड झाली की त्याचा डाव संपला. म्हणून मनातला मोह एखाद्या जाणत्या माणसाला किंवा कुमसार घेणाऱ्या पाद्रीला सांगून टाकावा, त्याची ताकद तिथेच जाते. बाबांचे 'लिपयलें काय वाडटा' ते हेच. त्यांनी इग्नेशियसचे पुस्तक वाचले होते की नव्हते, मी कधी विचारले नाही. पण साष्टीच्या इगर्जींत जेजुइटांनी पिढ्यान् पिढ्या जे शिकवले, ते घरातल्या तेर्साबरोबर आणि आजीच्या ओरड्याबरोबर त्यांच्यापर्यंत आले असणार.

इग्नेशियसच्या पहिल्या सोबत्यांपैकी एक म्हणजे आपल्याकडे ज्यांचे शव जुन्या गोव्यात आहे ते फ्रान्सिस झेवियर. ते ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्याने फिरत, मुलांना आणि गुलामांना गोळा करत आणि धर्माचे पाठ गाऊन शिकवत. पण रानातला मोह आणि आदमाची संमती या गोष्टी इथल्या माणसाला त्याच्याच भाषेत, त्याच्याच छंदात सांगण्याचे मोठे काम केले ते एका इंग्रजाने.

फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातले. १५७५ साली रोममध्ये जेजुइट झाले आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात आले. उरलेली चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ साली मरेपर्यंत, ते इथेच राहिले, त्यातली बहुतेक साष्टीत. राशोलला, जुन्या मराठी पुस्तकांत ज्याला रायतूर म्हटले आहे तिथे, १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण छापून झाले. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून आदम-एवाच्या पतनापर्यंत आणि पुढे येशूपूर्व काळाची कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. देवनागरी खिळे नव्हते म्हणून रोमी लिपीत छापलेले, पण भाषा मराठी. मराठीचे कौतुक करणाऱ्या त्यातल्या ओव्या आपल्या सगळ्यांना माहीत असतात. त्या पलीकडचे पुराण मात्र आपण हिंदू वाचक फारसे वाचत नाही. मीही बी. ए. ला मराठी घेऊन तेवढ्याच ओव्या वाचल्या होत्या. पाकिटाच्या प्रकरणानंतर काही वर्षांनी पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत बसून मी १९५६ ची, शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती वाचायला घेतली.

पुराणाच्या सुरुवातीलाच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग आम्ही वाचायचे काय? हा प्रश्न खोटा नव्हता. १५६७ साली साष्टीतली देवळे पाडली गेली होती. १५८३ साली कुंकळ्ळीत पाच जेजुइट मारले गेले, आणि त्याचा सूड म्हणून कुंकळ्ळीच्या गावकरांनाही मारले. त्या रक्ताच्या आठवणी ताज्या असतानाच हा इंग्रज पाद्री ओव्या लिहीत होता. ज्या मातीत कृष्णदास शामाने १५२६ साली केळशीला श्रीकृष्णाची कथा ओवीबद्ध केली, त्याच मातीतली ओवी त्याने उचलली. त्याच्या पुराणात स्वर्ग हा वैकुंठ आहे. मोक्ष, भक्ती, पाप, पुण्य हे सगळे शब्द आपले.

आणि एक शब्द असा, की त्याच्यापाशी मी बराच वेळ थांबलो. तो शब्द 'देवचार'. आमच्या गावात वाड्यावाड्याला देवचार आहे. तो राखणदार. रात्री हातात काठी घेऊन तो सीमेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो. त्याला रोट द्यायचा, विडी ठेवायची, सोरो द्यायचा. आमच्या आजोबांनी त्याच्या पायातल्या वहाणेचा आवाज ऐकला होता म्हणतात. तोच देवचार ख्रिस्ती कोकणीत आणि ख्रिस्तपुराणात सैतान आहे. रानात येशूला भुलवायला येणारा, एवेच्या कानाशी लागणारा. एका उंबरठ्याच्या अलीकडे वाट दाखवणारा आणि पलीकडे वाट चुकवणारा.

पहिल्यांदा मला राग आला. आमच्या राखणदाराला यांनी सैतान केले! धर्मांतराच्या काळात जिंकणारा हरलेल्याच्या देवांना असेच नाव देतो, जगभर असेच घडले आहे, आणि तो अन्याय आहेच. पण पुढे वाचताना दुसरी एक गोष्ट लक्षात आली. स्टीफन्सच्या हातात ओवी आली की पापाची कथा भीतीची राहत नाही, ती ऐकण्याची होते. साष्टीतला कुळवाडी ती ऐकताना स्वतःला आदमाच्या जागी ठेवू शकत होता. मनात आलेल्या गोष्टीला 'हो' म्हणायचे की 'नाही', हा प्रश्न त्याला त्याच्या आईच्या भाषेत कुणीतरी विचारत होते.

इथे गोव्याच्या इतिहासाची दुसरी बाजू सांगितली नाही तर हा लेख खोटा ठरेल. पापाशी लढण्याचे दुसरे एक दुकानही याच भूमीवर चालू होते, इन्क्विझिशनचे. ते १५६० साली सुरू झाले, १७७४ साली बंद झाले, १७७८ साली पुन्हा उघडले आणि १८१२ साली कायमचे संपले. कुमसार आणि इन्क्विझिशन, दोन्ही एकाच चर्चची, दोन्ही पापासाठीच. पण दोन्हींची रीत उलटी. कुमसारात माणूस स्वतःचे पाप स्वतः सांगतो, दुसऱ्याचे नाही, आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाला कुलूप असते. १२१५ सालच्या लॅटरन परिषदेने प्रत्येक ख्रिस्ती माणसाला वर्षातून एकदा तरी कुमसार सक्तीचा केला. पण त्याच कलमात असेही सांगितले, की ऐकलेले पाप फोडणाऱ्या पाद्रीचे पद काढून घ्यावे आणि त्याला जन्मभर प्रायश्चित्तासाठी मठात कोंडावे. इन्क्विझिशनमध्ये दुसरे लोक तुमचे पाप सांगत. शेजारी, नोकर, घरचे. आरोप कुणी केला हे आरोपीला कळत नसे. फ्रेंच डॉक्टर देलाँ हा त्या तुरुंगातून सुटला आणि १६८७ साली त्याने आपली हकिकत छापली, तेव्हा युरोपला हे कळले.

जिथे पाप बाहेरून शोधले जाते तिथे पापाची यादी वाढत जाते. १७३६ साली इन्क्विझिशनने एक मोठा हुकूम काढून ख्रिस्ती लोकांना कोणकोणत्या गोष्टी बंद ते सांगितले. घराजवळ तुळस लावू नये. पुरुषांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये. मिठाशिवाय भात शिजवू नये. लग्नात ओव्या म्हणू नयेत. मी ही यादी वाचली त्या रात्री घरी जेवायला बसलो आणि ताटातल्या भाताकडे बघत राहिलो. आमच्याकडे भात आजही बिनमिठाचाच शिजतो.

ओव्या! ज्या छंदात स्टीफन्सने रानातल्या मोहाची कथा सांगितली, एकशेवीस वर्षांत तोच छंद लग्नघरात गुन्हा ठरला. त्याआधी १६८४ साली विजरईने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढलाच होता. ख्रिस्तपुराणाच्या १६४९ आणि १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या होत्या, पुढे अडीचशे वर्षे एकही नाही. ते जगले हस्तलिखितांत, मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत. १९०७ साली ते पुन्हा छापले गेले तेही मंगळूरला.

आज इन्क्विझिशनचा वाडाही उभा राहिलेला नाही. मिठाच्या भाताचा कायदा कुणाला आठवतही नाही. पण राखेच्या बुधवारी कपाळावर फुली घेऊन माणसे अजून कामावर येतात, आणि कोरेज्मात कुमसाराच्या खिडकीपाशी रांग लागते. बाहेरून लादलेल्या धाकाने माणसे लपवायला शिकली. गोवेकरांनी तर लपवण्याची कला किती पुढे नेली, ते शेंडीपासून ओवीपर्यंत आपल्याला ठाऊक आहे. आणि बाब म्हणाले तसे, लपवले की वाढते. पापावर मात करायची ख्रिस्ती परंपरेतली जी रीत टिकली, ती आपली आपण उघड करण्याची. धर्माच्या सीमा ओलांडून मला उपयोगी पडली तीही तीच.

आता राहिलेली एक गोष्ट. वर मी पाकीट परत केल्याचे मोठ्या ऐटीत सांगितले. पण ते पहिले पाकीट नव्हते. त्याच्या आधीच्या वर्षी, चवथीच्या तोंडावर, एका म्हाताऱ्या माणसाने दाखला मिळाल्यावर माझ्या हातात पाचशे रुपये कोंबले होते. त्याच्या धोतराला माती लागलेली होती. मी 'नको, नको' दोनदा म्हटले आणि तिसऱ्यांदा खिशात घातले. हे मी बाबांनाही सांगितले नव्हते.

ख्रिस्ती शिकवणीत कुमसार म्हणजे सांगून मोकळे होणे नव्हे. मनापासून पश्चात्ताप हवा, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा, आणि कुणाचे काही घेतले असेल तर ते परत करायला हवे. परत करता येत असून केले नाही तर ती क्षमा खरी नाही. तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनस यांनी तर पुढचाही विचार करून ठेवला आहे. ज्याचे घेतले तो सापडतच नसेल तर? तर त्याच्या नावाने दानधर्म करावा, पण आधी त्याचा नीट शोध घ्यावा. हे वाचल्यावर मी जुन्या नोंदीतून त्या म्हाताऱ्याचा गाव काढला आणि एका रविवारी गेलो. तो वारला होता. घराला कुलूप होते. मुलगा परदेशी. शेजारणीने पाणी दिले आणि विचारले, "कोण तुमी? कितें काम आशिल्लें?" मी म्हटले, "कांय ना. दिणें आशिल्लें." काही नाही, देणे होते.

ते पाचशे रुपये मी नंतर त्याच्या नावाने दिले. कुठे ते सांगत नाही, कारण सांगितले तर त्यातही पोकळ प्रतिष्ठेची हौस शिरेल, आणि एवाग्रियसच्या यादीत तीही आहे.

बाब २०१६ साली निवृत्त झाले. दर वर्षी राखेच्या बुधवारी मी त्यांना फोन करतो. माझ्या टेबलाच्या खणात, जिथे ते पाकीट होते तिथे, आता एक साधी डायरी असते. रोजच्या पानावर दोन रेघा. कधी दुपारच्या रेघेवर ठिपके जास्त असतात, कधी रात्रीच्या. दहा ते दोनचे अजून फारसे कमी झालेले नाहीत.